उद्धारकथा आणि परत जाणारी बाई
संस्थाचालिकांच्या लेखनाचा एक शोध

मराठीत संस्थांच्या कहाण्या पुष्कळ आहेत. आश्रम कसा उभा राहिला, पहिली मुलगी कधी आली, वर्गणीसाठी कोणकोणती गावे पालथी घातली, लोकांनी काय काय नावे ठेवली, हे सांगणारी आत्मचरित्रे, आठवणी, अहवाल आणि स्मरणिका यांचे एक मोठे दालनच आपल्याकडे आहे. सामाजिक सुधारणेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याचा साधन म्हणून भरपूर उपयोग केला. पण गद्य म्हणून, एक लेखनप्रकार म्हणून त्याच्याकडे फारसे कुणी पाहिलेले नाही. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न करायचा आहे, आणि तोही एकच प्रश्न हाती धरून : नवऱ्याच्या माराला कंटाळून संस्थेत आलेली आणि काही दिवसांनी त्याच घरी परत गेलेली बाई या लेखनात कुठे आहे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. घरात मार खाणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या मुलांना आधार देणाऱ्या एका संस्थेचे वार्षिक अहवाल मी काही वर्षे लिहून देत असे. मी तिथली कार्यकर्ती नव्हते, भाषा बरी म्हणून हे काम माझ्याकडे आले. एका वर्षीच्या अहवालात एका बाईबद्दल मी लिहिले की समेट झाला आणि संसार सावरला. आठ महिन्यांनी तीच बाई हाताला प्लास्टर घालून पुन्हा त्याच टेबलासमोर बसली. नोंदवहीत दुसऱ्यांदा येणाऱ्या बाईसाठी रकानाच नव्हता. तिला नवा क्रमांक दिला गेला. वर्षअखेरीच्या आकड्यांत ती दोन बाया झाली आणि त्यांतली एक ‘यशस्वी प्रकरण’ म्हणून मोजली गेली. संस्थेच्या प्रमुख बाईंना मी याबद्दल विचारले. त्या रागावल्या नाहीत. बाया परत जातात असे छापले तर देणगीदार विचारतात, मग तुमचा उपयोग काय, एवढेच त्या म्हणाल्या. या उत्तरात खोटेपणा नव्हता, अडचण होती. ती अडचण केवळ पैशाची नसून लेखनाच्या साच्याची आहे, असे मला पुढे वाचताना दिसत गेले.

आवाहन कुणासाठी?

हा साचा एकोणिसाव्या शतकात घडला. पंडिता रमाबाईंनी ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केले. भारतात काढायच्या शाळेसाठी तिथे सहानुभूती आणि पैसा मिळवणे, हा त्याचा उघड हेतू होता. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. म्हणजे हे पुस्तक एका अर्थी संस्थेच्या जन्माआधी लिहिलेला अहवालच आहे.

या पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. बालपण, वैवाहिक जीवन, धर्म आणि समाजातील स्त्रीचे स्थान, वैधव्य, स्त्रियांच्या स्थितीचा समाजावरील परिणाम आणि शेवटी आवाहन, अशा क्रमाने ते जाते. वैवाहिक जीवनावर स्वतंत्र प्रकरण आहे. रखमाबाईंचा खटला तेव्हा ऐन भरात होता. न नांदलेल्या नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल मार्च १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. रमाबाईंना ती गोष्ट पुरती ठाऊक होती आणि तिची जळजळ त्यांच्या लेखनात उतरलेली आहे. असे असूनही शेवटचे आवाहन येते ते विधवांसाठी. ज्या बाईचा नवरा जिवंत आहे आणि मारतो आहे, तिच्यासाठी प्रकरण आहे, पण आवाहन नाही.

याचा दोष रमाबाईंना देण्यात अर्थ नाही. रखमाबाईंच्या निकालानेच दाखवून दिले होते की जिवंत नवऱ्याच्या बायकोला आसरा देणे म्हणजे कायद्याशी भांडण ओढवून घेणे. विधवेवर कायद्याने कुणाचा ताबा नव्हता, सासर-माहेरचा असेल तो रूढीचा. त्यामुळे संस्थेचे दार विधवेसाठी उघडता येत होते. परिणाम असा झाला की दाराची कथा विधवेच्या आयुष्याच्या मापाने शिवली गेली. दुःख, दार, शिक्षण, स्वावलंबन अशा सरळ रेषेत ती चालते. या रेषेला परतीचा रस्ता नाही, कारण विधवेला परत जाण्यासारखे घरच उरलेले नसे. या साच्याला मी ‘उद्धारकथा’ म्हणते.

एका घरातली तीन पुस्तके

उद्धारकथेचा साचा मराठीत पक्का केला तो हिंगण्याच्या परिवाराने. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. या एका संस्थेभोवती एकाच घरातली तीन पुस्तके आहेत : कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५), मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आणि पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४). सहसा ती वेगवेगळी वाचली जातात. शेजारी ठेवून वाचली की संस्था चालवणे म्हणजे काय, याची तीन निरनिराळी उत्तरे मिळतात.

कर्व्यांचे गद्य हिशेबनिसाचे आहे आणि ही त्याची ताकद आहे. मोठे शब्द नाहीत, रडारड नाही. आकडे, तारखा, माणसांची नावे आणि मागितलेली प्रत्येक वर्गणी. स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कमसुद्धा ते आश्रमाच्या नावे करतात आणि ती गोष्ट इतर जमेच्या बाजूंसारखीच सांगतात. पार्वतीबाईंचे गद्य प्रवासिनीचे आहे. विसाव्या वर्षी वैधव्य आलेली, केशवपन केलेली ही बाई गावोगाव आश्रमासाठी हिंडते, १९१२ मध्ये केशवपन थांबवते आणि त्याबद्दलचे बोल ऐकते, १९१८ मध्ये इंग्रजी फारसे येत नसताना अमेरिकेला जाते आणि तिथे घरकाम करून राहते. त्या कहाणीत उद्धार झालेली आणि उद्धार करणारी एकच आहे. म्हणून तिच्यात दयेचा सूर लागत नाही.

बायांचे पुस्तक मात्र या रेषेला आडवे जाते. त्या शारदासदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. उद्धारकथेप्रमाणे त्यांची गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण ‘माझे पुराण’ खरे सुरू होते ते तिथूनच. पुनर्विवाहाच्या वादात आश्रम सापडू नये म्हणून ती दोन्ही कामे वेगळी ठेवण्याचे कर्व्यांचे धोरण होते. त्याची किंमत पुनर्विवाहित बायकोने भरली. घरातली ओढाताण, संस्थेत गेलेला पैसा, नवऱ्याशी झालेले वाद हे सारे त्या ठसक्यात सांगतात. ‘पुराण’ हा शब्दही त्यांनी हसत निवडलेला वाटतो. इथे मार नाही, छळ नाही, आणि कर्व्यांवर तसा आरोप करणे हा शुद्ध अन्याय होईल. मुद्दा निराळा आहे. संस्थेची कहाणी आणि घराची कहाणी एकाच वहीत लिहिता येते, आणि तशी लिहिली तर संस्था लहान होत नाही, हे मराठीत बायांनी दाखवले. पुढच्या अहवालकारांनी त्यांचा कित्ता गिरवला नाही. त्यांनी कर्व्यांचा हिशेब घेतला आणि त्यातला कोरडा प्रामाणिकपणा सोडून दिला.

पत्रे आणि प्रदर्शन

जिवंत नवऱ्याच्या बायकोला मराठी सार्वजनिक जीवनात स्वतःचे नाव मिळाले ते १९८० नंतर. पुण्यात जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या तरुणीचा लग्नानंतर चार महिन्यांतच विषाने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी, याची त्या निकालातली पाच सूत्रे आजही कायद्याच्या वर्गात शिकवली जातात.

साहित्याच्या वाचकाला या खटल्यातली वेगळी गोष्ट खुणावते. पुराव्याच्या मध्यभागी मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे होती. म्हणजे तीन न्यायालये एका नवविवाहितेचे गद्य वाचत होती. तेच मजकूर आधी छळाचा पुरावा ठरले आणि सर्वोच्च न्यायालयात ते एका हळव्या, निराश मनाची, कदाचित आत्महत्येकडे झुकलेल्या मनाची खूण म्हणून वाचले गेले. निकालाच्या बरोबर-चूकपणात मला शिरायचे नाही, संशयाचा फायदा आरोपीला मिळणे हे कायद्याचे मूळ तत्त्व आहे. मला दिसते ते एवढेच की घरातल्या दुःखाविषयी बाई जे लिहिते ते अर्धे झाकून लिहिते, आणि अर्धे झाकलेले गद्य कसे वाचायचे हे आपल्यापैकी कुणालाच शिकवलेले नसते. न्यायाधीशांना नाही आणि समीक्षकांनाही नाही.

याच घटनेच्या धक्क्यातून पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा नारी समता मंच १९८२ मध्ये उभा राहिला. मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन महाराष्ट्रात फिरवले. त्या नावाचे व्याकरण पाहावे. ‘मंजुश्रीची कहाणी’ असे नाव दिले असते तर ती उद्धारकथाच झाली असती, फक्त उद्धार न झालेल्या बाईची. ‘मी एक’ म्हटल्याबरोबर पाहणारी बाई त्या वाक्याची कर्ती होते. सांगणारी संस्था मागे सरकते. मंचाच्या मदत केंद्राचे नावही तसेच आहे : ‘बोलते व्हा’. ‘सदन’, ‘आश्रम’, ‘गृह’ ही नावे जागा देऊ करतात. हे नाव जागा देत नाही, क्रियापद देते. आणि ते क्रियापद आज्ञार्थी असले तरी आदरार्थी आहे. पुढे मंचाने पुरुषांसाठीही संवाद केंद्र काढले. मार खाणारीबरोबर मारणाऱ्यालाही बोलते करावे लागेल, हा विचार जुन्या दारात मावणारा नव्हता.

संस्थाचालक म्हणून विद्या बाळ यांचे वेगळेपण मला इथे वाटते. त्या मुळात संपादक होत्या, आधी ‘स्त्री’च्या आणि १९८९ पासून ‘मिळून साऱ्याजणी’च्या. दुसऱ्याच्या मजकुराला जागा करून देणे हे संपादकाचे काम. ते त्यांनी संस्थेतही केले.

‘आमुचं’ आणि माझे

तरीही एक गाठ राहते. संस्था चालवणारी बाई स्वतः मार खाल्लेली असेल तर ती काय लिहिते?

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आले. महारवाड्यातल्या सुनांचे हाल, पळून जाऊ नये म्हणून पायात अडकवलेला लाकडी खोडा, हे त्यात ज्या थंड तपशिलाने येते, तसे मराठीत अन्यत्र क्वचितच आले असेल. पण पुस्तकाच्या नावातच ‘आमुचं’ आहे. बेबीताईंचा स्वतःचा संसार त्यात जवळजवळ नाही. नवऱ्याच्या संशयाविषयी आणि माराविषयी त्या बोलल्या त्या माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत. ती मुलाखत पुस्तकाच्या २००८ च्या इंग्रजी अनुवादाला जोडलेली आहे. फलटणजवळ निंबुरे येथे वंचित मुलांसाठी निवासी शाळा चालवणारी ही बाई. तिने ‘आम्ही’ लिहिले आणि ‘मी’ विचारल्यावर सांगितले. याला काही अभ्यासक मौन म्हणतील. मला ते संस्थाप्रमुखाचे भान वाटते. वस्तीची अब्रू, चळवळीची अब्रू आणि शाळेतल्या मुलांचा विश्वास यांचे ओझे ‘मी’वर असते. ते ओझे खरे आहे. पण त्याखाली काय दबते तेही खरेच आहे.

याच्या उलट टोकाला मुंबईच्या फ्लेविया ॲग्नेस. १९८० च्या बलात्कारविरोधी आंदोलनाशी त्या जोडल्या गेल्या तेव्हा त्या स्वतः मारहाणीच्या संसारात होत्या. त्यांनी आपली कहाणी इंग्रजीत प्रसिद्ध केली ती आंदोलनात असतानाच, वकील होण्याआधी. पुढे त्या कायदा शिकल्या आणि १९९० मध्ये ‘मजलिस’ ही संस्था मधुश्री दत्ता यांच्याबरोबर स्थापन केली. त्यांच्या कहाणीचे मोल असे की घर सोडणे ही त्यात एका फटक्यात होणारी गोष्ट नाही. मुले, पैसा, धर्म, राहायला जागा, प्रत्येक गोष्ट पाऊल मागे खेचते. परत जाण्याचा अर्थ परत जाणाऱ्या बाईच्या बाजूने आपल्याला कळतो. असे लेखन करणारी व्यक्ती पुढे संस्था चालवते तेव्हा ती समोरच्या बाईला ‘एवढे झाले तरी राहिलीस कशी’ असे विचारणार नाही, असे मानायला जागा आहे.

इथे भाषेचीही एक अडचण नोंदवली पाहिजे. नवरा मेला तर ‘विधवा’, नवऱ्याने टाकले तर ‘परित्यक्ता’. दोन्ही नामे नवऱ्याचे काय झाले किंवा त्याने काय केले, यावरून पडलेली आहेत. बाईने स्वतः घर सोडले तर मराठीत सरळ मानाचे नाम नाही. ‘नांदत नाही’ हे नकाराचे क्रियापद आहे, ‘पळून आलेली’ हे गुन्ह्याचे विशेषण. काडीमोडाची रीत अनेक जातींत होती, पण त्यावरूनही बाईला नाव मिळाले नाही. जिच्यासाठी नाम नाही तिच्यासाठी रकाना कुठून येणार?

सरकारी फॉर्मचे गद्य

आता एक असा मजकूर घेते जो साहित्यात कुणी धरणार नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांबरोबर घटनेच्या अहवालाचा एक नमुना येतो. संरक्षण अधिकारी किंवा नोंदणी झालेली सेवादायी संस्था तो भरते. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे वेगवेगळे भाग आहेत. मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, नोकरी करू न देणे, पगार काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन विकणे, अशा गोष्टी एकाखाली एक येतात.

हे रूक्ष गद्य आहे, पण उद्धारकथेत जे नाही ते त्यात आहे. फॉर्म शेवट मागत नाही. बाई राहणार की जाणार, हे त्याला आधी ठरवावे लागत नाही. काय घडले, कधी, कुठे, हे तो विचारतो. दुसऱ्यांदा घडले तर दुसऱ्यांदा भरता येतो. आणि या कायद्याने दाराची दिशाच बदलली. कलम १७ ने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, कलम १९ खाली न्यायालय पुरुषाला घराबाहेर जाण्याचा आदेश देऊ शकते. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराबाबतचा जुना अडसर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दूर केला. म्हणजे आता बाईने संस्थेच्या दाराशी येणे हाच कथेचा आरंभ असण्याचे कारण उरलेले नाही. तरी आपले अहवाल अजून दारापासूनच सुरू होतात आणि ‘समेट’ किंवा ‘स्वावलंबन’ यांपैकी एका थांब्यावर संपतात.

अहवाल म्हणजे सल्ला

यावर कुणी म्हणेल, अहवाल कसा लिहिला याने काय बिघडते, काम चांगले झाल्याशी कारण. बिघडते. जे मोजले जाते त्याकडे काम झुकते. ‘समेट’ यशाच्या रकान्यात असेल तर वर्ष संपत आल्यावर टेबलामागची बाई समोरच्या बाईला ‘एकदा जाऊन तर बघ’ असे थोडे अधिक सहज म्हणते. तिच्या मनात पाप नसते, रकाना असतो. उलट, घर सोडणे हेच यश मानले तर परत गेलेली बाई पुन्हा दाराशी यायला लाजते. ‘तुमचे ऐकले नाही’ असे म्हणत ती येतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित, म्हणजे कधीतरी लग्न झालेल्या, बायांपैकी सुमारे २५ टक्के बायांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात हिंसा सोसलेल्या बायांपैकी ७७ टक्के बायांनी कधी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते. इतक्या मौनातून जी बाई एकदा दाराशी येते, ती दुसऱ्यांदाही येऊ शकेल अशी वाट राखणे, हे संस्थेचे पहिले काम नव्हे काय?

गुप्ततेची अडचण खरी आहे. नाव, गाव, ओळख पटेल असे काहीही छापता कामा नये, आणि दुःखाच्या कहाण्या देणगीसाठी बाजारात मांडणे तर मुळीच नको. पण परतीची नोंद करायला कहाणी लागत नाही. बायांच्या ‘पुराणा’तला मोकळेपणा आणि कर्व्यांच्या वहीतला हिशेब, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर पुरे. किती बाया आल्या, किती परत गेल्या, परत गेलेल्यांपैकी किती पुन्हा आल्या आणि त्यांना पुन्हा काय हवे होते, एवढे चार आकडे खरेपणाने छापणारा अहवाल मला अजून वाचायला मिळालेला नाही. तो छापणाऱ्या संस्थाप्रमुखाला देणगीदारांच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागेल, हे मला कळते. पण त्या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांतच आहे. त्या परत आल्या, हाच उपयोग.

मी लिहिलेले ते वाक्य छापलेल्या प्रतींत आहे आणि तसेच राहील. नोंदवहीतली गोष्ट मात्र दुरुस्त होण्यासारखी आहे. दुसऱ्यांदा आलेल्या बाईला नवा क्रमांक देऊ नये. जुनेच पान काढावे आणि त्याच्याखाली नवी तारीख घालावी.